बेन रिच

बेंजामिन रॉबर्ट ऊर्फ बेन रिच (जन्म : मनिला, फिलिपाईन्स, १८ जून १९२५; मृत्यू : कॅलिफोर्निया, ५ जानेवारी १९९५) हे अमेरिकन विमान अभियंते होते. लॉकहीड कंपनीच्या ‘स्कंक वर्क्स’ या गोपनीय संशोधन विभागाचे ते १९७५ ते १९९० या काळात प्रमुख होते. रडारला सहजासहजी न सापडणारे जगातील पहिले लढाऊ विमान, एफ-११७ नाईटहॉक, त्यांच्या नेतृत्वाखाली तयार झाले. त्यामुळे त्यांना ‘स्टेल्थ विमानांचे जनक’ म्हटले जाते. विमान अदृश्य करायचे तर त्याची सर्व शस्त्रे पोटात लपवावी लागतात आणि पोटात जागा थोडी असते. या अडचणीला त्यांनी एफ-११७ च्या रूपाने जे उत्तर दिले, त्याचा प्रभाव पुढील सर्व स्टेल्थ विमानांच्या रचनेवर पडला.

बालपण आणि शिक्षण

रिच यांचा जन्म मनिला येथे एका ज्यू कुटुंबात झाला. त्यांचे वडील ब्रिटिश होते व फिलिपाईन्समधील एका लाकूड गिरणीवर व्यवस्थापक होते. पाच भावंडांत वाढलेल्या बेन यांचे बालपण सुखवस्तू घरात गेले. दुसऱ्या महायुद्धात जपानने फिलिपाईन्सवर हल्ला करण्यापूर्वी थोडेच दिवस आधी हे कुटुंब अमेरिकेत गेले आणि लॉस एंजेलिस येथे स्थायिक झाले. मनिलातील सारे वैभव मागे राहिले होते. युद्धकाळात बेन यांनी वडिलांसोबत यंत्रशाळेत काम केले, त्यामुळे महाविद्यालयीन शिक्षण काही वर्षे लांबणीवर पडले. युद्धानंतर त्यांनी बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातून १९४९ मध्ये यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेतली. पुढच्याच वर्षी त्यांनी लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातून पदव्युत्तर पदवी मिळवली. त्यांचा विशेष अभ्यास उष्मागतिकीचा, म्हणजे उष्णतेच्या वहनाचा व तिच्यापासून मिळणाऱ्या ऊर्जेचा होता.

लॉकहीडमधील सुरुवात

१९५० मध्ये रिच लॉकहीड कंपनीत उष्मागतिकीतज्ज्ञ म्हणून रुजू झाले. तेथे त्यांच्या नावावर लागलेले पहिले पेटंट मोठ्या गमतीचे होते. नौदलाच्या गस्ती विमानांतील वैमानिकांना लघवीसाठी दिलेली नळी उंचावरील थंडीत गोठत असे. ती विजेच्या तारेने गरम ठेवण्याची योजना रिच यांनी केली. पुढे स्वतःवर विनोद करताना ते हा प्रसंग आवर्जून सांगत.

लॉकहीडचे प्रसिद्ध अभियंते क्लॅरेन्स ‘केली’ जॉन्सन यांनी १९४३ मध्ये पहिल्या जेट लढाऊ विमानाच्या कामासाठी एक छोटा स्वतंत्र विभाग उभा केला होता. मोजकी माणसे, कमीत कमी कागदपत्रे आणि संपूर्ण गुप्तता ही या विभागाची रीत होती. हाच पुढे ‘स्कंक वर्क्स’ म्हणून ओळखला गेला. १९५४ च्या अखेरीस जॉन्सन यांनी यू-२ या हेरविमानाच्या कामासाठी रिच यांना मूळ विभागातून मागून घेतले. थोड्या दिवसांसाठी म्हणून आलेले रिच तेथे छत्तीस वर्षे राहिले.

उष्णता आणि वेग

यू-२ विमानाने ऑगस्ट १९५५ मध्ये पहिले उड्डाण केले. इंजिनात हवा नेणाऱ्या मार्गाची रचना हे रिच यांचे त्यातील काम होते. त्यानंतर द्रव हायड्रोजनवर चालणारे विमान बनवण्याच्या ‘सनटॅन’ प्रकल्पावर त्यांनी काम केले. अशा विमानाचा पल्ला पुरेसा वाढणार नाही, हे स्पष्ट झाल्यावर जॉन्सन यांनी स्वतःच तो प्रकल्प बंद करण्याचा सल्ला सरकारला दिला. हाती आलेले काम न जमणारे असेल तर तसे सांगावे, हा धडा रिच यांनी या प्रसंगातून घेतला.

ए-१२ आणि त्यातून पुढे आलेले एसआर-७१ ब्लॅकबर्ड ही विमाने ध्वनीच्या तिपटीहून अधिक वेगाने उडणारी होती. ए-१२ चे पहिले उड्डाण एप्रिल १९६२ मध्ये आणि एसआर-७१ चे डिसेंबर १९६४ मध्ये झाले. या वेगाला हवेच्या घर्षणाने विमानाचा पत्रा शेकडो अंशांपर्यंत तापतो. म्हणून विमान टायटॅनियमचे करावे लागले. इंजिनाच्या तोंडाशी पुढे-मागे सरकणारा शंकू बसवून आत येणाऱ्या हवेचा वेग आवरण्याची यंत्रणा रिच यांच्या देखरेखीखाली सिद्ध झाली. जो पृष्ठभाग उष्णता चांगली शोषतो तो ती चांगली बाहेरही टाकतो, हा महाविद्यालयात शिकलेला नियम आठवून विमानाला काळा रंग देण्याची सूचना त्यांनी केली. ‘ब्लॅकबर्ड’ हे नाव या रंगावरूनच पडले.

या घराण्यातील वायएफ-१२ हे शत्रूची बॉम्बफेकी विमाने अडवण्यासाठी बनवलेले विमान १९६३ मध्ये उडाले. त्यावरची हवेतून हवेत मारा करणारी क्षेपणास्त्रे पंखांखाली टांगणे अशक्य होते. ध्वनीच्या तिप्पट वेगाला ती तापून निकामी झाली असती आणि त्यांच्या अडथळ्यामुळे विमानाचा वेगही टिकला नसता. म्हणून विमानाच्या अंगातच बंद कप्पे करून त्यांत तीन क्षेपणास्त्रे ठेवली गेली. तेवढ्या वेगात दारे उघडून क्षेपणास्त्र खाली ढकलण्याचे तंत्र चाचण्यांत यशस्वी झाले. मात्र संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅकनमारा यांनी विमानाच्या उत्पादनासाठी पैसा दिला नाही आणि तीनच वायएफ-१२ तयार झाली. शस्त्रे पोटात ठेवण्याची विद्या स्कंक वर्क्सला अशा रीतीने स्टेल्थच्या आधीच, वेगाच्या निमित्ताने अवगत झाली होती.

प्रमुखपद

जानेवारी १९७५ मध्ये केली जॉन्सन निवृत्त झाले आणि त्यांच्या इच्छेनुसार रिच यांनी सूत्रे हाती घेतली. तो काळ लॉकहीडच्या पडतीचा होता. प्रवासी विमानाच्या प्रकल्पातील तोट्यामुळे १९७१ मध्ये कंपनीला कर्जासाठी सरकारची हमी घ्यावी लागली होती. परदेशांत दिलेल्या लाचांचे प्रकरणही लवकरच उघडकीस येणार होते. व्हिएतनाम युद्ध संपत आल्याने नवीन लष्करी विमानांची मागणी घटली होती. स्कंक वर्क्सकडे नवे काम जवळजवळ नव्हते. रिच यांनी काम मिळवले नाही तर विभाग बंद होण्याची शक्यता होती.

त्याच सुमारास अमेरिकेच्या संरक्षण खात्यातील प्रगत संशोधन संस्थेने, ‘डार्पा’ने, रडारवर फारच कमी दिसणाऱ्या विमानाचा अभ्यास सुरू केला होता. १९७३ च्या अरब-इस्राएल युद्धात रडारने चालणाऱ्या विमानविरोधी क्षेपणास्त्रांनी इस्राएलची अनेक विमाने पाडली होती. तीच गत युरोपात आपल्या विमानांची होईल, अशी अमेरिकी हवाई दलाला धास्ती होती. लॉकहीडने बऱ्याच वर्षांत नवे लढाऊ विमान बनवलेले नसल्याने या अभ्यासासाठी तिला बोलावलेच गेले नव्हते. ए-१२ चे रडारवरील दर्शन कमी करण्याचे काम स्कंक वर्क्सने पूर्वीच केलेले होते. मात्र ते गुप्तचर संस्थेच्या अखत्यारीतील गुपित होते. रिच यांनी ती माहिती दाखवण्याची परवानगी मिळवली आणि सरकारकडून पैसा न घेता स्पर्धेत भाग घेण्याची तयारी दर्शवली. डार्पाने ते मान्य केले.

हॅव ब्लू

१९७५ च्या वसंतात स्कंक वर्क्समधील रडारतज्ज्ञ डेनिस ओव्हरहोल्सर एक रशियन शोधनिबंध घेऊन रिच यांच्याकडे आले. सोव्हिएत शास्त्रज्ञ प्योत्र उफिम्त्सेव्ह यांनी १९६२ मध्ये मॉस्को येथे प्रसिद्ध केलेल्या या ग्रंथात, विद्युतचुंबकीय लहरी वस्तूच्या कडांवर आदळून कशा विखुरतात, याचे गणित मांडले होते. सोव्हिएत राजवटीला त्याचे लष्करी महत्त्व जाणवले नव्हते. अमेरिकी हवाई दलाने त्याचे भाषांतर करून ठेवले होते. या गणिताच्या आधारे सपाट पृष्ठभागांनी बनलेल्या वस्तूचे रडारवरील परावर्तन संगणकावर आधीच काढता येईल, हे ओव्हरहोल्सर यांच्या ध्यानात आले. त्या काळच्या संगणकांना वक्र पृष्ठभागांचे गणित झेपत नव्हते. म्हणून विमानच सपाट त्रिकोण-चौकोनांचे करायचे ठरले. असे पैलू रडारच्या लहरी आल्या दिशेने परत न पाठवता भलतीकडे फेकतात.

पैलू पाडल्यासारखा तो आकार पाहून जुन्या अभियंत्यांनी त्याला ‘होपलेस डायमंड’ म्हणजे ‘हताश हिरा’ असे नाव ठेवले. गोवळकोंडा परिसरातील खाणीतून निघालेल्या सुप्रसिद्ध होप हिऱ्याच्या नावावर केलेली ही कोटी होती. केली जॉन्सन यांचाही या आकारावर विश्वास नव्हता. त्यांनी आपल्या जुन्या डी-२१ या वैमानिकविरहित विमानाचे परावर्तन याहून कमी असेल, अशी पंचवीस सेंटची पैज लावली. सप्टेंबर १९७५ मध्ये चाचणी झाली व रिच पैज जिंकले. पुढे मार्च १९७६ मध्ये न्यू मेक्सिकोतील खुल्या मैदानावर लॉकहीड व नॉर्थ्रॉप यांची मॉडेल्स खांबावर चढवून तपासण्यात आली. लॉकहीडचे मॉडेल रडारवर इतके क्षीण होते की ज्या खांबावर ते ठेवले होते, तो खांबच अधिक ठळक दिसू लागला आणि त्यासाठी नवा खांब बनवावा लागला. रिच हवाई दलाच्या सेनापतींना भेटायला जाताना खिशात पोलादी गोळ्या नेत आणि त्या त्यांच्या टेबलावर घरंगळत सोडत. आपले विमान रडारला एवढेच दिसेल, हे सांगण्याची ती त्यांची रीत होती.

एप्रिल १९७६ मध्ये लॉकहीडला दोन प्रायोगिक विमाने बनवण्याचे काम मिळाले. ‘हॅव ब्लू’ या सांकेतिक नावाचे पहिले विमान १ डिसेंबर १९७७ रोजी नेवाडातील ग्रूम लेक येथील गुप्त तळावर बिल पार्क यांनी उडवले. हा आकार मुळात हवेत स्थिर राहणारा नव्हता. संगणकाने क्षणोक्षणी सुकाणू हलवून त्याला सावरावे लागे. दोन्ही विमाने पुढे अपघातांत नष्ट झाली. पहिल्या अपघातात, मे १९७८ मध्ये, पार्क गंभीर जखमी झाले व त्यांची चाचणी वैमानिकाची कारकीर्द संपली. तरीही हेतू सिद्ध झाला होता.

या चाचण्यांतील एक घटना पुढच्या साऱ्या कामाला दिशा देणारी ठरली. एकदा विमान अचानक रडारवर ठळक दिसू लागले. कारण शोधता काही स्क्रू नीट आवळलेले नाहीत आणि त्यांची डोकी पृष्ठभागाच्या जेमतेम तीन मिलिमीटर वर आली आहेत, असे आढळले. एवढ्याशा उंचवट्याने सारे श्रम वाया जात असतील, तर पंखाखाली टांगलेल्या बॉम्बची गोष्टच नको.

एफ-११७ : पोटात दोन बॉम्ब

सामान्य लढाऊ विमानात बॉम्ब, क्षेपणास्त्रे व जादा इंधनाच्या टाक्या पंखांखालच्या टांगण्यांवर अडकवतात. यात सोय मोठी आहे. मोहिमेप्रमाणे भार बदलता येतो, लांबरुंद शस्त्रही लावता येते, तळावरील कर्मचाऱ्यांना काम सोपे जाते आणि विमानाच्या पोटातली जागा इंधनासाठी मोकळी राहते. एफ-१५ई हे विमान अशा रीतीने सुमारे १० हजार किलोंपर्यंत भार उचलू शकते. परंतु टांगणी आणि पंख यांच्यामधला कोपरा रडारच्या लहरी नेमक्या आल्या दिशेने परत पाठवतो. शस्त्राच्या शेपटीकडील पाती, त्याचे गोल अंग, अडकवण्याचे आकडे, या प्रत्येकाचे परावर्तन वेगळे असते. त्यामुळे बाहेर शस्त्र लावलेले स्टेल्थ विमान हे स्टेल्थ राहत नाही.

शस्त्र पोटात घ्यावे तर त्याची किंमत निराळी असते. शस्त्रकक्षासाठी विमान जाड व रुंद करावे लागते, त्याने हवेचा अडथळा वाढतो. तीच जागा इंधनाला हवी असते, म्हणून पल्ला घटतो. पोटाला मोठे भोक पडल्याने सांगाड्याची बळकटी इतरत्र वजन वाढवून भरून काढावी लागते. दारे, बिजागऱ्या आणि ती झटपट उघड-मीट करणारी यंत्रे यांचे वजन पडते ते वेगळेच. दारे उघडताच कप्प्यात घुसणारी हवा जोराने कंप पावते. सुटलेले शस्त्र उलट विमानावरच आदळू नये, म्हणून ते खाली ढकलून द्यावे लागते. दारांच्या कडा करवतीच्या दातांसारख्या केल्या तरी दारे उघडी असतील तेवढा वेळ विमान रडारवर ठळक दिसते. शिवाय कप्प्याच्या मापात बसेल तेच शस्त्र नेता येते.

हवाई दलापुढे १९७७-७८ मध्ये दोन पर्याय होते. एक लहान, एका वैमानिकाचे, सुमारे ५ हजार पौंड (२,२७० किलो) शस्त्रभार व ४०० नॉटिकल मैल त्रिज्या असलेले विमान. दुसरे दोघांचे, दुप्पट शस्त्रभाराचे आणि बरेच लांब पल्ल्याचे. लहान विमान लवकर व भरवशाने तयार होईल, म्हणून ते निवडण्यात आले. नोव्हेंबर १९७८ मध्ये ‘सीनियर ट्रेंड’ या नावाने कंत्राट झाले. रिच यांनी प्रकल्पाची जबाबदारी ॲलन ब्राऊन यांच्यावर सोपवली.

तयार झालेल्या एफ-११७ च्या पोटात शेजारी-शेजारी दोन कप्पे आहेत. त्यांत प्रत्येकी २ हजार पौंडांचा (सुमारे ९०० किलो) एकेक, असे दोनच बॉम्ब मावतात. बॉम्ब एका हलत्या पाळण्यावरून खाली उतरवता येतो. विमानाला तोफ नाही. रडारही नाही, कारण रडारने सोडलेल्या लहरींवरूनच विमानाचा ठावठिकाणा कळला असता. लक्ष्य शोधण्यासाठी त्यात उष्णतेवरून पाहणारे कॅमेरे आहेत. इंजिनांच्या तोंडावर बारीक जाळी बसवली आहे. इंजिनातून निघणारी तप्त हवा चपट्या, रुंद फटीतून बाहेर पडून लगेच निवते. ही शेवटची योजना रिच यांच्या जुन्या विषयातली होती. वेग ध्वनीच्या वेगाखालीच राहिला. म्हणजे वेग, हवाई कसरत, शस्त्रभार आणि स्वसंरक्षण ही लढाऊ विमानाची बहुतेक परंपरागत लक्षणे रिच यांनी एका गुणासाठी सोडली.

हा सौदा परवडला, कारण त्याच काळात लेसर किरणांच्या मागोमाग जाणारे बॉम्ब विश्वासार्ह झाले होते. पूर्वी एका पुलासाठी अनेक विमानांनी अनेक बॉम्ब टाकावे लागत. आता एक बॉम्ब नेमका पडणार असेल, तर दोन बॉम्बांचे विमानही दोन लक्ष्ये उद्ध्वस्त करू शकत होते. मात्र कप्प्याच्या मापाची अट बॉम्बलाही पाळावी लागली. भक्कम काँक्रीट भेदणारा जीबीयू-२७ हा लेसर बॉम्ब एफ-११७ च्या कप्प्यात बसावा म्हणून त्याची पाती आखूड ठेवण्यात आली.

पहिल्या उड्डाणाची मुदत सुमारे वर्षभर हुकली. या कामाच्या धांदलीतच १९८० मध्ये रिच यांच्या पत्नी फे यांचे निधन झाले. १८ जून १९८१ रोजी, रिच यांच्या छपन्नाव्या वाढदिवशी, हॅल फार्ली यांनी एफ-११७ पहिल्यांदा उडवले. एप्रिल १९८२ मध्ये उत्पादन मालिकेतील पहिलेच विमान सुकाणूच्या तारा चुकीच्या जोडल्या गेल्याने उड्डाण करताच कोसळले व चाचणी वैमानिक गंभीर जखमी झाले. ऑक्टोबर १९८३ मध्ये विमाने सेवेसाठी सज्ज झाली. गुप्ततेमुळे अनेक वर्षे ती केवळ रात्री उडवली जात. १९८६ व १९८७ मध्ये अशा रात्रीच्या उड्डाणांत दोन वैमानिकांना प्राण गमवावे लागले. सरकारने विमानाचे अस्तित्व नोव्हेंबर १९८८ मध्ये जाहीर केले. एकूण ५९ विमाने हवाई दलाला देण्यात आली. त्यांतले शेवटचे जुलै १९९० मध्ये सुपूर्द झाले.

बी-२ ची स्पर्धा

स्टेल्थ बॉम्बफेकी विमानाच्या स्पर्धेत मात्र रिच यांचा पराभव झाला. त्यांचा आराखडा तुलनेने लहान होता. नॉर्थ्रॉपने शेपूट नसलेले, अधिक मोठे, अधिक पल्ल्याचे व पोटात कितीतरी जास्त शस्त्रे सामावणारे विमान मांडले. रडारच्या चाचणीत आपला आराखडा सरस होता, असे रिच यांचे मत अखेरपर्यंत होते. पण मोठे विमान कमी फेऱ्यांत तेच काम करील, हा विचार प्रभावी ठरला. ऑक्टोबर १९८१ मध्ये नॉर्थ्रॉपची निवड झाली. त्यातूनच बी-२ हे विमान निर्माण झाले. पुढे खर्च वाढत गेल्याने नियोजित १३२ ऐवजी २१ च बी-२ बांधली गेली. मोठ्या विमानाच्या निर्णयावर टीका करताना रिच या वाढत्या खर्चाकडे बोट दाखवीत.

एफ-२२ ची पायाभरणी

एफ-११७ नंतरचा प्रश्न अधिक कठीण होता. अमेरिकी हवाई दलाला आता असे लढाऊ विमान हवे होते, जे स्टेल्थही असेल, ध्वनीपेक्षा वेगाने दूरवर उडेल आणि हवेतील झुंजीतही भारी पडेल. १९८६ मध्ये लॉकहीड व नॉर्थ्रॉप यांना प्रत्येकी नमुना विमाने बनवण्याचे काम मिळाले. लॉकहीडसोबत बोइंग व जनरल डायनॅमिक्स या कंपन्या होत्या. लॉकहीडच्या बाजूने शेर्मन मलिन यांनी नेतृत्व केले. पुढे तेच रिच यांचे उत्तराधिकारी झाले.

लॉकहीडच्या मूळ आराखड्यात क्षेपणास्त्रे एका फिरत्या चक्रावर रचलेली होती. एक सुटले की चक्र फिरून दुसरे दाराशी येई. ही योजना आकर्षक असली तरी ती पोटात फार जागा खात होती, विमान बोजड होत होते. जुलै १९८७ मध्ये तो आराखडा बाजूला ठेवून काम जवळजवळ नव्याने सुरू करावे लागले. नव्या रचनेत क्षेपणास्त्रे पोटातील उथळ, रुंद कप्प्यात शेजारी-शेजारी ठेवली गेली. जवळच्या झुंजीतील क्षेपणास्त्रांसाठी दोन्ही बगलांत छोटे स्वतंत्र कप्पे केले गेले. शस्त्रे ठेवण्याची पद्धत बदलली की संपूर्ण विमानाचा आकार बदलतो, याचे हे ठळक उदाहरण मानले जाते.

वायएफ-२२ चे पहिले उड्डाण २९ सप्टेंबर १९९० रोजी झाले. नोव्हेंबर व डिसेंबरमध्ये त्याच्या कप्प्यांतून दोन प्रकारची क्षेपणास्त्रे प्रत्यक्ष डागून दाखवण्यात आली. प्रतिस्पर्धी वायएफ-२३ ने तशी चाचणी केली नाही. एप्रिल १९९१ मध्ये लॉकहीडची निवड जाहीर झाली, तेव्हा रिच निवृत्त झालेले होते. या विमानाच्या उत्पादित रूपाला, एफ-२२ ला, पोटातील मुख्य कप्प्यात सहा व बगलांत दोन अशी आठ क्षेपणास्त्रे नेता येतात. मुख्य कप्प्यात सहा मावावीत म्हणून त्या क्षेपणास्त्राची पातीही कापून आखूड करावी लागली.

पनामा आणि इराक

एफ-११७ चा पहिला युद्धवापर डिसेंबर १९८९ मध्ये पनामात झाला. रिओ हातो येथे टाकलेल्या दोन बॉम्बांपैकी एक अपेक्षित ठिकाणी पडला नाही. विमानाची खरी कसोटी १७ जानेवारी १९९१ रोजी सुरू झालेल्या आखाती युद्धात लागली. सौदी अरेबियातील तळावरून एफ-११७ विमानांनी सुमारे १,३०० उड्डाणे केली. बगदादच्या मध्यभागी, दाट विमानविरोधी तोफांच्या माऱ्यात, ती रात्रीमागून रात्री गेली आणि एकही विमान गमावले नाही. रिच केवळ काही आठवड्यांपूर्वी, १९९० च्या अखेरीस, निवृत्त झाले होते. त्यांचे गुरू केली जॉन्सन यांचे २१ डिसेंबर १९९० रोजी निधन झाले होते.

याच युद्धाने नेमकेपणाची मर्यादाही दाखवून दिली. १३ फेब्रुवारी १९९१ च्या पहाटे दोन एफ-११७ विमानांनी बगदादच्या अमिरिया भागातील एका काँक्रीटच्या इमारतीवर प्रत्येकी एक लेसर बॉम्ब टाकला. दोन्ही बॉम्ब अचूक पडले. अमेरिकेने ते लष्करी केंद्र समजले होते. प्रत्यक्षात तेथे नागरिक आसऱ्याला होते आणि ४०० हून अधिक माणसे, त्यांत बहुतांश स्त्रिया व मुले, मृत्युमुखी पडली. कमी बॉम्बांत काम भागवण्याच्या साऱ्या विचाराचा पाया हा होता की बॉम्ब कोठे टाकायचा, हे आधीच बिनचूक माहीत असेल. ती माहिती विमानाच्या रचनेतून मिळत नाही.

कार्यपद्धती व स्वभाव

केली जॉन्सन तापट व एककल्ली म्हणून ओळखले जात. रिच यांचा स्वभाव याउलट मनमिळाऊ होता. विनोद सांगून बैठकीतील ताण कमी करणे, अधिकाऱ्यांना आपल्या बाजूला वळवणे आणि हाताखालच्या माणसांवर जबाबदारी टाकून मोकळे होणे, ही त्यांची पद्धत होती. रचनेत एकच उद्दिष्ट अग्रक्रमाने ठेवावे, इतर बाबतींत शक्य तेथे आधीच सिद्ध झालेले भाग वापरावेत, असा त्यांचा आग्रह असे. त्यानुसार एफ-११७ मध्ये इंजिन, सुकाणू यंत्रणा व इतर अनेक भाग प्रचलित विमानांमधून घेतले गेले. अतिरेकी गुप्ततेचे मात्र ते टीकाकार होते. एकदा लावलेला गोपनीयतेचा शिक्का सहसा निघत नाही आणि त्यापायी खर्च व वेळ दोन्ही वाढतात, असे ते मांडत.

लेखन, सन्मान आणि निधन

१९८१ मध्ये रिच अमेरिकेच्या राष्ट्रीय अभियांत्रिकी अकादमीचे सदस्य म्हणून निवडले गेले. एफ-११७ साठी त्यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना विमानविद्येतील प्रतिष्ठेचा १९८९ चा कोलिअर करंडक मिळाला. लेखक लिओ जॅनोस यांच्या सहकार्याने त्यांनी लिहिलेले ‘स्कंक वर्क्स’ हे आत्मकथन १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात सहकाऱ्यांच्या, वैमानिकांच्या व अधिकाऱ्यांच्या आठवणींनाही जागा दिलेली आहे. विमानविद्येच्या अभ्यासकांत आजही ते वाचले जाते. पुस्तक निघाल्यावर थोड्याच महिन्यांत, ५ जानेवारी १९९५ रोजी, कर्करोगाने रिच यांचे निधन झाले. त्यांचे पुत्र मायकेल रिच पुढे रँड या धोरण-संशोधन संस्थेचे अध्यक्ष झाले.

वारसा

रिच यांच्या निधनानंतर २७ मार्च १९९९ रोजी सर्बियात एक एफ-११७ जुन्या सोव्हिएत क्षेपणास्त्राने पाडले गेले. वैमानिक वाचला. त्या क्षणी शस्त्रकक्षाची दारे उघडी असल्याने विमान रडारवर दिसले असावे, असे अनेक वृत्तांतांत म्हटले आहे. हवाई दलाने एफ-११७ ला २००८ मध्ये औपचारिक निरोप दिला.

नंतरच्या संगणकांना वक्र पृष्ठभागांचे गणित करता येऊ लागल्याने त्रिकोण-चौकोनांची रचना मागे पडली. शस्त्रकक्षाचा प्रश्न मात्र तसाच राहिला. एफ-३५ विमानाच्या हवाई दलासाठीच्या आवृत्तीत पोटातील दोन कप्प्यांत सुमारे २,६०० किलो शस्त्रे मावतात. पंखांखालच्या टांगण्या धरून हा भार ८ हजार किलोंच्या वर जातो, पण तेव्हा लपण्याचा गुण उरत नाही. युद्धाच्या आरंभी, शत्रूची रडारे शाबूत असताना, थोडी शस्त्रे पोटात घेऊन जायचे आणि ती निकामी झाल्यावर बाहेरही शस्त्रे टांगायची, असा मध्यम मार्ग त्यात स्वीकारलेला आहे. एफ-११७ च्या बाबतीत रिच यांनी हा दुसरा पर्याय ठेवलाच नव्हता. त्या विमानाच्या पंखांखाली एकही टांगणी नाही.